एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांची सायकल) चालवणाऱ्यांनी कोणती पूरके घ्यावीत आणि कोणती दुकानातच ठेवावीत?

अजिंक्यवाट :

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो. वय ३८, वजन ६५ किलो. कामाच्या दिवशी यवतेश्वरचा घाट आणि सुटीच्या दिवशी ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावरील कच्च्या वाटा, असा माझा शिरस्ता आहे. येत्या हिवाळ्यात सुमारे चार तास चालेल अशा एका एमटीबी शर्यतीत उतरण्याचे ठरवले आहे. व्यायामशाळेतील प्रशिक्षकांनी त्यासाठी व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतील प्रथिनांची पावडर), बीसीएए (तीन अमिनो आम्लांचे मिश्रण), क्रिएटिन, प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची भुकटी), मल्टिव्हिटॅमिन आणि अश्वगंधा अशी यादी लिहून दिली आहे. ती सगळी आणायची म्हटली, तर महिन्याचा खर्च सायकलच्या हप्त्यापेक्षा जास्त होतो.

रस्त्यावरची सायकल चालवणाऱ्यांसाठी सल्ले पुष्कळ सापडतात, परंतु आपले दुखणे थोडे निराळे आहे. दगडधोंड्यांच्या वाटेवर हँडलवरून हात काढता येत नाही, चढावर अचानक पूर्ण जोर लावावा लागतो आणि उतारावर सगळे अंग हादरत असल्यामुळे पोटात गेलेले पोटात राहीलच याची खात्री नसते. महिना दोन-अडीच हजार रुपये खर्च करायची माझी तयारी आहे. ते कशावर खर्च करावेत आणि कशावर एक रुपयाही घालवू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

खडीसाखर :

सर्वांत परिणामकारक पूरक म्हणजे दोन किलोंनी हलकी सायकल. अडचण एवढीच, की ती डब्यात मिळत नाही आणि घरच्यांपासून लपवताही येत नाही.

मीठभाकर :

माझे मत स्पष्ट आहे. भाकरी, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे आणि पुरेशी झोप असताना पूरकांची गरज शरीराला नसते, ती दुकानदाराला असते. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळावी असेच म्हटले आहे. अडीच हजार रुपये ब्रेकच्या पॅडवर आणि टायरवर खर्च करावेत.

आकडेमोड :

मीठभाकर, आपल्या मताचा पूर्वार्ध मला मान्य आहे, पण धागाकर्त्यांचा प्रश्न चार तासांच्या शर्यतीचा आहे आणि तिथे हिशेब बदलतो. आपल्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, असतो. म्हणजे ढोबळमानाने २००० किलोकॅलरींची शिदोरी झाली. चढाच्या वाटेवर तासाला ५००-६०० किलोकॅलरी सहज खर्च होतात आणि जोर जितका अधिक, तितका त्यातला कर्बोदकांचा वाटा वाढतो. चरबी कितीही असली, तरी तीव्र चढावर ती पुरेशा वेगाने जळत नाही. म्हणून तिसऱ्या तासात पाय आणि डोके दोन्ही एकदम रिकामे झाल्यासारखे वाटतात. उतारावर डोके रिकामे होणे हा प्रकार एमटीबीत हाडांवर बेततो.

त्यामुळे यादीतील पहिले नाव असायला हवे ते कर्बोदकांचे, आणि नेमके तेच प्रशिक्षकांच्या यादीत नाही. अडीच तासांपर्यंतच्या श्रमाला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. त्याहून लांब पल्ल्याला ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, मात्र तेव्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असावे लागतात. आतड्यातून ग्लुकोज रक्तात नेणारे वाहक तासाला सुमारे ६० ग्रॅमवर भरून जातात, तर फ्रुक्टोजचे वाहक वेगळे असतात. आनेवाडीच्या टोलनाक्यावर एकच मार्गिका उघडी ठेवली की काय होते ते आपल्याला ठाऊकच आहे. दुसरी उघडली की तेवढ्याच वेळात जास्त गाड्या पार होतात.

मीठभाकर :

हिशेब पटला. तरी कर्बोदकांना 'पूरक' म्हणून चढ्या भावाने विकणे मला पटत नाही. साखर ही वाण्याकडे मिळते.

आकडेमोड :

त्याविषयी दुमत नाहीच.

तासगावकर :

वाण्याकडे कशाला, आमच्याकडे या. भौगोलिक मानांकन मिळालेला सांगलीचा बेदाणा आमच्या शेडवर वाळतो, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती नाही हे आधीच सांगून टाकतो.

१०० ग्रॅम बेदाण्यात जवळपास ७९ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यातील साखर साधारण निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज असते. म्हणजे ४० ग्रॅमची एक मूठ खाल्ली की ३० ग्रॅम कर्बोदके मिळतात, आणि बाजारातील कर्बोदकांच्या एका जेलच्या पुडीतही साधारण २२ ते २५ ग्रॅमच असतात. धावपटूंवर २०१२ साली झालेल्या एका प्रयोगात ८० मिनिटे धावून झाल्यावर ५ किलोमीटरची वेळ मोजली होती. बेदाणे खाणारे आणि खेळाडूंसाठीच्या खास चघळगोळ्या खाणारे यांच्या वेळेत फरक पडला नाही. नुसते पाणी पिणारे मात्र दोघांच्याही मागे राहिले. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर मी बेदाणे घेऊनच जातो. तंतुमय भाग आणि फ्रुक्टोज यांमुळे एकाच वेळी खूप खाल्ले तर पोट फुगते, हा दोष मी मान्य करतो. थोडे थोडे, पाण्याबरोबर खावेत.

उतारप्रेमी :

तासगावकरांचा बेदाणा घाटरस्त्यावर उत्तम आहे, पण खडकाळ उतारावर तो पिशवीतून काढून, चावून, गिळून दाखवावा. श्वास तोंडाने चालू असताना सुका पदार्थ घशात जाण्याचा धोका असतो आणि एका हाताने हँडल धरण्याची चैन आपल्याला परवडत नाही. जेलवर अनेकांचा राग आहे, मात्र ती दोन घोटांत संपते, चावावी लागत नाही आणि चढ संपून उतार सुरू होण्याआधीच्या मोजक्या क्षणांत पोटात जाते. म्हणून माझी विभागणी अशी आहे : सरावाला घरचे पदार्थ, शर्यतीला जेल. महिन्याला चार-सहा पुड्या घेतल्या तर धागाकर्त्यांचे अंदाजपत्रक कोलमडणार नाही.

दुसरे, पाण्यासाठी पाठीवरची नळीची पिशवी वापरावी. त्यामागे केवळ सोय नाही. वेल्समधील बिल्थ वेल्स येथे २००८ साली झालेल्या एमटीबी शर्यतीनंतर कित्येक स्पर्धक कँपिलोबॅक्टर या जिवाणूमुळे होणाऱ्या जुलाबांनी आजारी पडले होते. पावसाने झालेल्या चिखलात मेंढ्यांच्या लेंड्या मिसळल्या होत्या आणि तो चिखल चाकांवरून उडून तोंडात गेला होता. आपल्याकडे पावसाळ्यात वाटा गुराढोरांच्याच असतात, आणि चौकटीला लावलेल्या बाटलीचे तोंड पुढच्या चाकाच्या अगदी फवाऱ्यात येते. बाटलीच वापरायची असेल तर झाकणावर टोपण असलेली घ्यावी. जुलाब लागल्यावर क्रिएटिनचा प्रश्न उरत नाही.

खडीसाखर :

अवांतर : सांगलीच्या भडंगाचा विचार कोणीच कसा केला नाही? चुरमुऱ्यांत कर्बोदके आहेत, वर मीठही आहे. फक्त नळीच्या पिशवीतून ते वर येत नाही, हे मान्य.

डॉ. कृष्णाकाठ :

मी मिरजेत वैद्यकीय व्यवसाय करते आणि सायकलही चालवते. भडंगातले तेल पोट रिकामे होण्याचा वेग मंदावते, म्हणून ते शर्यतीनंतर खावे. मिठाचा मुद्दा मात्र गंभीरपणे घेण्यासारखा आहे.

घामातून जाणाऱ्या सोडियमचे प्रमाण माणसागणिक फार बदलते. कोणाच्या कपड्यांवर पांढरे डाग पडतात, कोणाच्या पडत नाहीत. घाम किती जातो हे मोजण्याची सोपी रीत म्हणजे तासभर चालवण्याआधी आणि नंतर, अंग कोरडे करून, वजन करावे. जेवढे किलो कमी भरेल तेवढे लिटर पाणी गेले असे समजावे आणि मधे प्यायलेले पाणी त्यात मिळवावे. ते सगळे भरून काढण्याची गरज नसते. उलट तहान नसताना नुसते साधे पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियम घटते, आणि ही अवस्था थोड्याशा निर्जलीकरणापेक्षा अधिक घातक असते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे वागणे ही तिची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात आणि सोबतचे लोक प्रेमाने आणखी पाणी पाजतात.

घरगुती पेयासाठी एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, चहाचा पाव चमचा मीठ आणि लिंबू पुरेसे आहे. पाव चमचा मीठ म्हणजे साधारण दीड ग्रॅम, त्यातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. बुडबुडे येणाऱ्या इलेक्ट्रोलाइट गोळ्यांपैकी अनेकांत यापेक्षा कमी सोडियम असते. वेष्टनावरील आकडा वाचून मगच घ्याव्यात.

औषधपेटी :

डॉक्टरांच्या प्रतिसादाला जोड देतो. माझे सांगलीत औषधांचे दुकान आहे. अनेक सायकलपटू 'ओआरएस द्या' म्हणून येतात आणि गोड चवीचे खोके उचलून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार खऱ्या ओआरएसमध्ये लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापण्यास मनाई केली. तरी लक्षात घ्यावे, की खरे ओआरएस हे जुलाबांवरचे औषध आहे. त्यात साखर इतकी कमी असते, की चार तासांच्या चढाला त्यातून ऊर्जा मिळत नाही.

सह्यकन्या :

महिलांच्या बाजूने एक प्रश्न. मी वाईहून पसरणी घाट चढते. पूर्वी ज्या चढावर बोलत जाता येत होते, तिथे अलीकडे धाप लागते. मैत्रिणींनी लोहाच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्या आहेत. त्या घ्याव्यात का?

डॉ. कृष्णाकाठ :

सह्यकन्या, तपासणीशिवाय नको. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही मोजून घ्या, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो आणि दमछाकीचे कारण तिथे सापडते. तपासणी विश्रांतीच्या दिवसानंतर करावी; दाह, ताप किंवा आदल्या दिवशीचे अतिश्रम यांमुळे फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते. थायरॉइड, दमा अशी इतर कारणेही असू शकतात, म्हणून केवळ अहवालावर न थांबता तुमच्या डॉक्टरांना भेटा.

कमतरता निघाली तर गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबाच्या रसासोबत घ्यावी. जोरदार श्रमानंतर काही तास हेप्सिडिन हे संप्रेरक वाढलेले असते आणि ते लोहाचे शोषण रोखते, म्हणून दुपारच्या सायकलफेरीनंतर लगेच घेण्यापेक्षा सकाळी घेतलेली बरी. आणि कमतरता नसेल तर अजिबात घेऊ नये. शरीराला जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय नाही.

हेच बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाला लागू आहे. शाकाहारी मंडळींत बी-१२ कमी निघणे नेहमीचे आहे, आणि दिवसभर कार्यालयात बसणाऱ्यांत ड जीवनसत्त्व कमी निघणे हेही. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटांच्या पुड्या आठवड्याला एक अशा ठरावीक काळापुरत्या द्यायच्या असतात. अनेक जण त्या वर्षानुवर्षे घेत राहतात आणि मग रक्तातील कॅल्शियम वाढून येतात. अजिंक्यवाट, तुमच्या अडीच हजारांतील पहिला खर्च एकदा या तीन तपासण्यांवर व्हावा असे मला वाटते. मल्टिव्हिटॅमिन त्यानंतर बहुधा यादीतून आपोआप गळेल.

मेढेकर :

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि केळघर घाटात सायकल चालवतो. तो प्री-वर्कआउटची भुकटी मागतो आहे. त्याचा मित्र ती घेतो आणि 'अंगात मुंग्या आल्या की ती लागू पडली' असे म्हणतो. काय करावे?

आकडेमोड :

मुंग्या येतात त्या भुकटीतील बीटा-अलानिन या अमिनो आम्लामुळे. त्वचेतील मज्जातंतू चेतवले गेल्याचा तो परिणाम आहे, ताकद वाढल्याची खूण नाही. बीटा-अलानिन हे दररोज ३.२ ते ६.४ ग्रॅम असे किमान दोन ते चार आठवडे घेतल्यावर स्नायूंतील कार्नोसिन (आम्लता शमवणारे द्रव्य) वाढवते, आणि त्याचा उपयोग एक ते चार मिनिटांच्या पूर्ण जोराच्या श्रमाला होतो. शर्यतीच्या सकाळी चमचाभर खाऊन त्यातून मुंग्यांपलीकडे काहीही मिळत नाही.

डॉ. कृष्णाकाठ :

मेढेकर, नको. प्री-वर्कआउटच्या एका मापात २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते, 'खास मिश्रण' या नावाखाली प्रत्येक घटकाचे प्रमाण लपवलेले असते, आणि मुलाला सकाळी पोटभर न्याहारी व रात्री पुरेशी झोप मिळाली तर त्याहून अधिक फायदा होईल. त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून दूध, केळे आणि शेंगदाण्याचे कूट यांचे पेय करून द्या. त्याला इंग्रजी नाव देण्याची मुभा आहे.

औषधपेटी :

शिवाय तो मुलगा उद्या जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळला, तर उत्तेजक चाचणीचा प्रश्न येतो. जर्मनीतील कोलोनच्या उत्तेजक तपासणाऱ्या प्रयोगशाळेने २०००-२००१ या काळात १३ देशांतून घेतलेल्या ६३४ पूरकांची तपासणी केली. त्यांपैकी ९४ पूरकांत, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, वेष्टनावर उल्लेख नसलेली स्टेरॉइडे किंवा त्यांची पूर्वद्रव्ये सापडली. नियमानुसार शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची असते, 'डब्यावर लिहिले नव्हते' हा बचाव चालत नाही. २०१९ साली क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याला खोकल्याच्या औषधातील टर्ब्युटालिनमुळे आठ महिन्यांची बंदी भोगावी लागली होती. ते तर साधे औषध होते. म्हणून स्पर्धा खेळणाऱ्यांनी 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखे प्रत्येक उत्पादनखेप तपासणारे चिन्ह असलेलेच पूरक घ्यावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आवश्यक आहे, परंतु तो डब्यातील मालाच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे.

व्हे प्रोटीनबाबतही सांगतो. भारतातील ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ७० टक्के पूरकांवर छापलेली प्रथिनांची माहिती चुकीची निघाली.

मीठभाकर :

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात जे म्हटले होते, तिथेच आपण फिरून आलो.

उतारप्रेमी :

पूर्ण नाही. प्रथिनांचा हिशेब ६५ किलो वजनाच्या माणसासाठी करून पाहू. नियमित सायकल चालवणाऱ्यांना किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. मधला १.६ हा आकडा धरला तर दिवसाला १०४ ग्रॅम होतात. दोन वेळा वरण-भाजी-पोळी आणि चहा-पोहे यांतून त्याच्या निम्मी भरली तरी पुष्कळ. उरलेली अंडी, पनीर, भाजलेले हरभरे, सोयाबीनच्या वड्या यांतून भरता येतात हे खरे, पण सकाळी घाट उतरून थेट कामावर जाणाऱ्याला रोज एवढे शिजवायला वेळ असतोच असे नाही. त्याने एक माप व्हे घेतले तर त्यात पाप नाही. ते अन्नच आहे, दुधातून पनीर काढल्यावर उरलेल्या निवळीचे.

आकडेमोड :

याला अनुमोदन. मात्र व्हे घेतले किंवा प्रथिने पुरेशी असली, तर बीसीएए पूर्णपणे निरर्थक ठरते. स्नायू बांधायला सगळी आवश्यक अमिनो आम्ले लागतात आणि बीसीएएत त्यांपैकी फक्त तीनच असतात, जी दुधात, अंड्यात आणि डाळीत आधीच आहेत. यादीवर काट मारायची असेल तर पहिली इथे मारावी.

आता ज्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे त्यांच्याकडे वळतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या निवेदनात कामगिरी थेट सुधारू शकणारी पाचच पूरके आहेत : कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानिन आणि खाण्याचा सोडा. बीटा-अलानिनविषयी वर लिहिलेच आहे. सोडा किलोमागे ०.२ ते ०.४ ग्रॅम घ्यावा लागतो, म्हणजे धागाकर्त्यांना १३ ग्रॅमच्या पुढे, आणि हादरणाऱ्या सायकलवर तेवढा सोडा पोटात घेऊन बसण्याचे धाडस मी कोणाला सुचवणार नाही. नायट्रेटसाठी बिटाचा रस दोन-तीन तास आधी घ्यावा लागतो. तोंडातील जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात, त्यामुळे त्या दिवशी जंतुनाशक गुळण्या केल्या तर रस वाया जातो. हौशी सायकलपटूंना थोडा लाभ होतो, अतिशय तयारीच्या खेळाडूंना कमी. बिटाने लघवी लाल झाली तर घाबरून डॉक्टरांना दूरध्वनी करू नये.

कॅफीन मात्र मी निःसंशय वरच्या क्रमांकावर ठेवेन. किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ६५ किलोला सुमारे १९५ मिलिग्रॅम, तासभर आधी घ्यावे. थकवा कमी जाणवतो आणि उतारावर लक्ष टिकून राहते, जे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ मध्ये ते बंदीच्या यादीतून काढले. त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळच्या सरावाआधी घेतल्यास झोपेचे खोबरे होते आणि झोप गेली की बाकी सगळ्या पूरकांचा हिशेब तोट्यात जातो.

खडीसाखर :

१९५ मिलिग्रॅम म्हणजे आमच्या टपरीवरचे किती कटिंग?

आकडेमोड :

चहातील कॅफीन पत्तीवर, उकळण्यावर आणि टपरीवाल्याच्या मनावर अवलंबून असते, म्हणून मोजमापासाठी चहा निरुपयोगी आहे. दोन ग्रॅम झटपट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम धरता येते. तीन कप कडक कॉफीत काम भागते. ज्यांना छातीत धडधड होते किंवा रक्तदाब आहे, त्यांनी या भानगडीत पडू नये.

उतारप्रेमी :

क्रिएटिनवर आकडेमोड यांनी सोयीस्कर मौन पाळले आहे. मी ते घेतो. रोज ३ ते ५ ग्रॅम साधे मोनोहायड्रेट, सुरुवातीचा २० ग्रॅमचा भडिमार न करता. वळणातून बाहेर पडताना दहा सेकंदांचा पूर्ण जोर आणि खडकावरून सायकल उचलण्याची ताकद यांसाठी ते उपयोगी पडते. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत क्रिएटिनचा साठा मुळात कमी असतो, म्हणून त्याला फरक अधिक जाणवतो.

आकडेमोड :

मौन सोयीस्कर नव्हते, धागाकर्त्यांच्या शर्यतीमुळे होते. क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी धरले जाऊन वजन किलोभर किंवा त्याहून थोडे अधिक वाढते. ज्यांची शर्यत पाच मिनिटांच्या उताराची आहे त्यांना ते खपते. चार तास चढ-उतार करणाऱ्याला तो किलो प्रत्येक चढावर वाहून न्यावा लागतो. हलक्या सायकलसाठी हजारो रुपये मोजायचे आणि मग अंगावर किलो चढवायचा, यात मला हशील दिसत नाही.

उतारप्रेमी :

लांब शर्यतीतही वाट अरुंद होण्याआधी पुढे निसटायला जोर लागतोच, आणि मागे अडकलात तर हलक्या अंगाचा उपयोग होत नाही. इथे आपले एकमत होणार नाही.

डॉ. कृष्णाकाठ :

क्रिएटिन घेणाऱ्यांनी रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसे सांगावे. त्यामुळे मूत्रपिंडाच्या तपासणीतील क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढलेला दिसतो आणि मूत्रपिंड निरोगी असूनही धावपळ होते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र ते घेऊच नये.

तासगावकर :

हळदीविषयी कोणी बोलेल म्हणून वाट पाहत होतो. सांगलीचा धागा आणि हळद नाही, हे बरे दिसत नाही. कुरक्युमिनच्या गोळ्यांनी स्नायूंचे दुखणे कमी होते म्हणतात.

डॉ. कृष्णाकाठ :

तासगावकर, हळदीत कुरक्युमिन साधारण ३ टक्केच असते आणि तेही आतड्यातून फार थोडे शोषले जाते. म्हणून गोळ्यांत मिऱ्यातील पायपरिन घालतात आणि शोषण वाढवतात. त्यांनी दुखणे थोडेफार कमी झाल्याचे काही लहान अभ्यास आहेत, परंतु अशा तीव्र गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. अश्वगंधेच्या बाबतीतही यकृताच्या अशाच नोंदी आहेत. आमटीतल्या हळदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

दुखणे लगेच थांबवण्याच्या हट्टाविषयी आणखी एक. २००९ च्या एका प्रयोगात रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत व्यायामामुळे इन्सुलिनच्या कार्यात होणारी सुधारणा दिसली नाही, न घेणाऱ्यांत दिसली. सरावाने येणारा ताण हाच शरीराला मिळणारा निरोप असतो, तो औषधाने पुसून टाकण्यात अर्थ नाही.

सह्यकन्या :

पायात गोळे येण्यावर काय? मला मॅग्नेशियम सुचवले गेले आहे.

आकडेमोड :

श्रमाने येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा उपयोग होतो याला चांगला पुरावा नाही. सवयीपेक्षा जास्त जोराने स्नायू थकणे हे त्यांचे मोठे कारण मानले जाते. २०१० सालच्या एका प्रयोगात व्हिनेगरमधील काकडीच्या लोणच्याचे पाणी प्यायल्यावर गोळा लवकर सुटला होता, आणि तोही ते पाणी रक्तात शोषले जाण्याआधीच; म्हणजे घशातील तीव्र चवीमुळे मज्जातंतूंकडून काही प्रतिक्षिप्त क्रिया घडत असावी. आपल्या कैरीच्या लोणच्यात तेल असते, त्यामुळे आजीची बरणी घेऊन घाटात जाण्याआधी विचार करावा.

अजिंक्यवाट :

सर्वांचे आभार. मी असे ठरवले आहे : या महिन्यात फेरिटिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घेईन. बीसीएए, प्री-वर्कआउट, मल्टिव्हिटॅमिन आणि अश्वगंधा बाद. कामाच्या दिवसांसाठी तपासणीचे चिन्ह असलेले व्हे, शर्यतीच्या सकाळी कॉफी, सरावाला बेदाणे आणि लिंबू-साखर-मीठ. क्रिएटिनचा निर्णय शर्यत झाल्यावर. उतारप्रेमी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

एक शंका उरली. शर्यतीत तासाला ९० ग्रॅमपर्यंत जायचे असेल, तर महागडे मिश्रण न घेता ते घरी करता येईल का?

आकडेमोड :

करता येईल. साखरेत निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज असते. ६० ग्रॅम साखर आणि ३० ग्रॅम ग्लुकोज पावडर एकत्र केली, की ६० ग्रॅम ग्लुकोज आणि ३० ग्रॅम फ्रुक्टोज मिळते, जे दोनास एक हे हवे ते प्रमाण आहे. वर पाव चमचा मीठ घालावे. हे एका तासाचे झाले. एवढी साखर लिटरभर पाण्यात गोड लागते आणि सवय नसलेले पोट ती सहन करत नाही, म्हणून तासाला ४० ग्रॅमपासून सुरुवात करून प्रत्येक लांब सरावात थोडे थोडे वाढवत न्यावे. आतडेही सरावाने तयार होते. त्याला काही आठवडे द्यावेत आणि हा सराव खडकाळ वाटेवरच करावा, डांबरी घाटात नव्हे, कारण पोटाची परीक्षा हादऱ्यांत असते.

उतारप्रेमी :

रागावलो नाही, शर्यतीनंतर बोलू. हे मिश्रण नळीच्या पिशवीत भरणार असाल तर घरी आल्याबरोबर नळी आणि तोंडाचा भाग गरम पाण्याने धुवा, नाहीतर दोन दिवसांत आत काळी बुरशी धरते. मी पिशवीत साधे पाणी आणि बाटलीत मिश्रण असे ठेवतो.

औषधपेटी :

ग्लुकोज पावडर घेताना मागची घटकसूची पाहावी. चव, रंग आणि जीवनसत्त्वे घातलेल्या डब्यांत काही वेळा साखरही मिसळलेली असते आणि मग वरचे दोनास एक प्रमाण बिघडते. 'डेक्सट्रोज मोनोहायड्रेट' एवढाच घटक असलेले पाकीट मागावे, ते स्वस्तही पडते.